लेखकाचे मौन : ग्रीष्मकालीन लेखन-कार्यशाळेतील एक दिवस

प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटीस लिखित शब्दाविषयी एक तक्रार मांडतो. लिहिलेल्या शब्दाला प्रश्न विचारला असता तो उत्तर देत नाही. कोणी त्याचा विपर्यास केला तर त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही. त्यासाठी त्याला नेहमी आपल्या जनकाचे साह्य लागते. बोलणारा मनुष्य श्रोत्याच्या चेहऱ्यावर संभ्रम दिसताच वाक्य अर्ध्यावर सोडतो, दुसरा शब्द योजतो, हातवारे करतो. लेखकाला ही सोय नसते. तेव्हा लेखन शिकवावयाचे म्हणजे आपण हजर नसताना आपल्या शब्दांचे काय होते याची जाणीव विद्यार्थ्याला करून द्यावयाची. ही जाणीव केवळ व्याख्यानाने होत नाही.

अमेरिकेतील लेखन-कार्यशाळांनी या अडचणीवर एक विलक्षण उपाय योजिला. तेथे जनकाला त्याच्या शब्दासमोर आणून बसवितात आणि त्याला बोलण्याची मनाई करतात. या एका नियमाभोवती विद्यार्थ्याचा दिवस कसा रचलेला असतो, भाषाव्यवहाराच्या दृष्टीने त्या नियमाचा अर्थ काय आणि त्याची मर्यादा कोठे पडते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विवेचनासाठी ‘क्लॅरियन’ या नावाने ओळखली जाणारी, विज्ञानकथा व अद्भुतकथा लिहू इच्छिणाऱ्यांसाठी भरणारी उन्हाळी कार्यशाळा निवडली आहे; कारण हा नियम तेथे विशेष काटेकोरपणे पाळला जातो.

१. पूर्वपीठिका

ललित लेखनाला विद्यापीठीय अभ्यासक्रमात स्थान देण्याचा अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न आयोवा विद्यापीठाचा. तेथील लेखन-कार्यशाळा १९३६ साली सुरू झाली. विद्यार्थ्याने लिहिलेले साहित्य सर्वांनी आधी वाचून यावयाचे व शिक्षकाच्या उपस्थितीत त्यावर चर्चा करावयाची, ही पद्धत पुढे देशभर पसरली. तिच्याशी समांतर असा एक दुसरा प्रवाह विद्यापीठाबाहेर निर्माण झाला. १९५६ मध्ये डेमन नाइट, जूडिथ मेरिल आणि जेम्स ब्लिश या विज्ञानकथाकारांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील मिलफर्ड या गावी लेखकांची एक परिषद भरविली. व्याख्याने झोडणे हा तिचा हेतू नव्हता. प्रत्येकाने आपले अप्रकाशित लेखन आणावे, इतरांनी ते वाचावे आणि वर्तुळात बसून पाळीपाळीने त्यावर बोलावे, असा तिचा क्रम होता. स्वतःचे लिखाण न आणता केवळ टीका करावयास येणाऱ्यास तेथे जागा नव्हती. जो न्यायासनावर बसेल त्याने आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे राहिले पाहिजे, असे तिचे तत्त्व होते म्हणावयास हरकत नाही.

मिलफर्डचा हा परिपाठ समोर ठेवून रॉबिन स्कॉट विल्सन यांनी १९६८ मध्ये त्याच राज्यातील क्लॅरियन स्टेट कॉलेजात नवोदितांसाठी उन्हाळी वर्ग काढला. गाव सुटले तरी नाव टिकले. १९७२ पासून ही कार्यशाळा मिशिगन स्टेट विद्यापीठात भरू लागली आणि २००७ मध्ये ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील परिसरात गेली. डेमन नाइट आणि केट विल्हेम या लेखक-दांपत्याने तेथे अनेक वर्षे अध्यापन केले. १९७० च्या तुकडीत ऑक्टेव्हिया बटलर ही तरुण कृष्णवर्णीय लेखिका विद्यार्थिनी म्हणून आली होती. तिला पुढे, १९९५ मध्ये, मॅकआर्थर पारितोषिक मिळाले आणि हा मान मिळविणारी ती पहिली विज्ञानकथाकार ठरली.

२. दिवसाची रचना

क्लॅरियनचा कालावधी सहा आठवड्यांचा. सॅन डिएगो येथील तुकडी साधारणतः अठरा जणांची असते. शिक्षक हे स्वतः लेखक असतात आणि ते आठवड्यागणिक बदलतात. अखेरचे दोन आठवडे मात्र परंपरेने दोन शिक्षक मिळून सांभाळतात. विद्यार्थ्याने दर आठवड्यास एक नवी कथा लिहावी अशी अपेक्षा असते. या आकड्यांवरूनच दिवसाचा भार कळून येतो. आठवड्याला अठरा कथा म्हणजे पाच दिवसांत रोज तीन किंवा चार. एका कथेवर सतरा विद्यार्थी प्रत्येकी दोन मिनिटे बोलले तर चौतीस मिनिटे होतात; त्यात शिक्षकाचे विवेचन आणि लेखकाचे उत्तर धरले की पाऊण तास सहज उलटतो. चार कथांचा दिवस असला तर सकाळचा सगळा वेळ त्यातच संपतो.

सकाळी सर्वजण वर्तुळाकार बसतात. आदल्या रात्री प्रत्येकाने त्या दिवसाच्या कथा वाचून, समासात टिपणे करून आणलेल्या असतात. ज्याची कथा चर्चेस असेल त्याच्या शेजारच्यापासून बोलण्यास सुरुवात होते. बोलण्याची मुदत ठरलेली; बहुधा कोणीतरी घड्याळ लावून बसतो. आपल्याला सांगावयाचे ते आधीच्याने सांगितले असेल तर त्याची पुनरुक्ती न करता ‘डिट्टो’ एवढेच म्हणावयाचे. (मराठी बोलण्यातही रुळलेला हा शब्द तेथे जणू पारिभाषिक संज्ञाच झाला आहे.) मध्येच कोणी कोणास तोडावयाचे नाही, उलट प्रश्न करावयाचे नाहीत आणि मुख्य म्हणजे लेखकाने एक अक्षरही बोलावयाचे नाही. त्याने फक्त लिहून घ्यावयाचे. वर्तुळ पुरे झाल्यावर शिक्षक बोलतो आणि सर्वांत शेवटी लेखकाचे तोंड उघडते. नंतर टिपणे केलेल्या सगळ्या प्रती त्याच्या हवाली होतात.

दुपार मोकळी असते असे म्हणता येईल, परंतु ती नावापुरतीच मोकळी. शिक्षकाशी एकान्तात चर्चा करण्याची वेळ याच भागात ठरते. उरलेल्या वेळात पुढच्या कथेचे लेखन चालते. रात्री उद्याच्या तीन-चार कथा वाचावयाच्या असतात. एक कथा पाच हजार शब्दांची धरली तर हे वाचन वीस हजार शब्दांपर्यंत जाते. आणि ते टिपणे करीत, उद्या सकाळी मोजक्या दोन मिनिटांत काय सांगावयाचे याचा विचार करीत करावयाचे असते. सहा आठवड्यांचा हिशेब केला तर असे दिसते की, विद्यार्थ्यास स्वतःच्या सहा कथांवर सहाध्यायांचे एकशे दोन अभिप्राय मिळतात, आणि तोही इतरांच्या कथांवर एकशे दोनच अभिप्राय देतो. जमा आणि खर्च सारखे. या देण्याच्या बाजूकडे दुर्लक्ष करू नये. छापलेली, पक्की झालेली कथा वाचताना तिच्यातील सांधे दिसत नाहीत. अपुऱ्या कथा रोज वाचल्याने ते दिसू लागतात.

३. पाळी आणि दुरुस्ती

आता या सकाळच्या बैठकीकडे भाषावैज्ञानिकाच्या दृष्टीने पाहू. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ व गेल जेफरसन यांनी १९७४ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात संभाषणातील पाळ्यांविषयी एक पायाभूत प्रबंध प्रसिद्ध केला. सामान्य संभाषणात कोणी केव्हा व किती बोलावे हे आधी ठरलेले नसते. प्रत्येक पाळीच्या अखेरीस ते त्या क्षणी ठरते, हा त्यांचा सिद्धान्त. न्यायालय, सभा, विधी यांत मात्र पाळ्यांची वाटणी पूर्वनियोजित असते. कार्यशाळेचे वर्तुळ हे या दुसऱ्या टोकाचे उदाहरण होय. पाळीचा क्रम, लांबी, संख्या सर्व काही ठरलेले. आणि ज्याला बोलण्याची निकड सर्वांत अधिक, त्याचीच पाळी शेवटी ठेवलेली.

याच तिघांचा १९७७ चा दुसरा निबंध संभाषणातील दुरुस्तीविषयी आहे आणि प्रस्तुत विषयाशी त्याचा संबंध अधिक निकटचा आहे. बोलण्यात चूक झाली किंवा अर्थ पोहोचला नाही, तर दुरुस्तीचे दोन भाग पडतात : काहीतरी बिघडले आहे हे दाखविणे, म्हणजे दुरुस्तीचा आरंभ, आणि प्रत्यक्ष दुरुस्ती करणे. हे दोन्ही भाग एकाच व्यक्तीने करावेत असे नाही. श्रोता “काय म्हणालात?” किंवा “कोण आले?” एवढेच विचारतो. म्हणजे तो आरंभ करून देतो आणि दुरुस्ती बोलणाऱ्यावर सोपवितो. दुसऱ्याचे वाक्य परस्पर सुधारून देण्याचे माणसे सहसा टाळतात. स्वतःची दुरुस्ती स्वतः करण्यास संभाषणात प्राधान्य असते, असा या निबंधाचा निष्कर्ष आहे.

कार्यशाळेतील मौनाचा अर्थ या निष्कर्षाच्या प्रकाशात उलगडतो. लेखक गप्प असतो, याचा अर्थ त्याचा दुरुस्तीचा अधिकार काढून घेतला असा नव्हे; तो अधिकार पुढे ढकलला आहे. तोंडी खुलासा केला की श्रोत्यांचे समाधान होते, पण कागद आहे तसाच राहतो. तो खुलासा अडवून धरला की लेखकाला तो कागदावरच करावा लागतो. सकाळी सतरा जणांनी आरंभिलेली दुरुस्ती रात्री एकट्याने लिहून पुरी करावयाची, अशी ही योजना आहे. आपल्या शास्त्रपरंपरेच्या भाषेत सांगावयाचे तर विवक्षा, म्हणजे वक्त्याला जे सांगावयाचे होते ते, एका बाजूला ठेवून केवळ वाक्यांतून काय हाती लागते याची येथे परीक्षा होते.

४. एक कल्पित उदाहरण

हे तत्त्व प्रत्यक्षात कसे चालते, हे समजण्यासाठी एक उदाहरण कल्पावे. कोल्हापूरहून गेलेली एक मराठीभाषी विद्यार्थिनी या वर्तुळात बसली आहे. कार्यशाळा इंग्रजीतून चालत असल्याने तिची कथाही इंग्रजीत आहे. चंद्रावरील एका वसाहतीत तीन पिढ्यांचे मराठी कुटुंब राहते. सून कथा सांगते आहे. नवरा आणि धाकटा दीर दोघेही वसाहतीबाहेर खाणीत कामाला जातात. एके दिवशी दोघांपैकी एकच परत येतो. सून नवऱ्याचे नाव घेत नाही. त्याला ‘अहो’ म्हणते, त्याच्याविषयी बोलताना ‘हे’ म्हणते, मुलाला “बाबांना सांग” म्हणते.

मराठीत ही कथा सांगितली असती तर घोटाळ्यास जागा नव्हती. ‘हे आले’ आणि ‘तो आला’ या दोन वाक्यांत सर्वनाम व क्रियापद दोन्ही बदलतात. कोण आले हे आदरार्थी रूपच सांगते. इंग्रजीत दोघांसाठी एकच एकवचनी सर्वनाम उरते. परिणामी परत कोण आले, हेच वर्तुळातील पुष्कळांना उमगत नाही. पहिला बोलतो, दुसरा बोलतो, तिसरा ‘डिट्टो’ म्हणतो. विद्यार्थिनीच्या जिभेवर खुलासा आलेला असतो. परंतु नियमाने ती बांधलेली आहे. हा मौनाचा खरा लाभ होय. तिच्या मनातील मराठी वाक्य जो फरक करीत होते, तो कागदावरील इंग्रजी वाक्य करीत नाही, हे ती तेथे प्रथमच पाहते. कारण लिहिताना आणि वाचताना तिला ते मराठी वाक्य सतत ऐकू येत होते.

मग दुसरा आक्षेप येतो. नवऱ्याचे नाव कोठेही का नाही? एकाला वाटते, त्यात काही रहस्य दडले असावे व ते शेवटी उकलावयास हवे होते. दुसऱ्याला वाटते, ती नवऱ्याचा तिरस्कार करते. बहुतेकांचा सल्ला एकच : पहिल्याच पानावर त्याला नाव द्यावे, म्हणजे सर्वनामाचाही प्रश्न मिटेल. येथे गोष्ट नाजूक होते. वाचकांना जी अडचण आली ती खरी आहे. परंतु त्यांनी सुचविलेला उपाय स्वीकारला तर कथेचा प्राणच जातो. नाव न घेण्यात त्या सुनेचा सारा संसार आहे, आणि वाचकांना त्या संकेताची ओळख नाही.

रात्री विद्यार्थिनी सतरा प्रती पुढे घेऊन बसते. संकेत माहीत असलेल्या पात्रांच्या तोंडून त्याचे स्पष्टीकरण वदविणे हा एक सोपा मार्ग असतो. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट एकाने दुसऱ्याला सांगावयाची, या दोषाला विज्ञानकथेच्या कार्यशाळांत “तुला माहीतच आहे, बॉब” असे थट्टेचे नाव आहे; तेव्हा तो मार्ग बंद. तळटीप देणे म्हणजे पुन्हा जनकानेच मदतीला धावणे. विचार करता करता तिच्या ध्यानात येते की, वाचक नावाची वाट पाहत होते. वाक्यार्थविचारात जिला ‘आकांक्षा’ म्हणतात, म्हणजे एक पद ऐकले असता दुसऱ्याची जी अपेक्षा उत्पन्न होते, तशीच काहीशी ही अपेक्षा. ती चुकीची नव्हती. पुरी होण्याची जागा तेवढी मिळाली नव्हती. आणि मराठी घरात अशी जागा आहे. एरवी न उच्चारलेले नाव उखाण्यात घ्यावयाचे असते. कथेच्या आरंभी हळदीकुंकवाचा एक छोटा प्रसंग यावा, सुनेने तेथे उखाण्यात नाव घ्यावे, भोवतालच्या बायकांनी हसावे. आणि शेवटी, एकच माणूस परत आल्यावर, तिने दाराशी उभे राहून तेच नाव उखाण्यावाचून हाक मारून घ्यावे. संकेत काय होता आणि तो कशामुळे मोडला, हे मग कोणास सांगावे लागत नाही. सर्वनामाचा घोटाळाही त्याच हाकेने मिटतो. ही दुरुस्ती सतराजणांपैकी कोणीही सुचविली नव्हती, सुचवूही शकले नसते. पण सतराजण अडखळले नसते तर ती सुचलीही नसती.

५. मौनावरील आक्षेप

उदाहरणातील विद्यार्थिनीला मार्ग सापडला, असे कल्पिले आहे. प्रत्येकाला तो सापडतोच असे नाही. वर्तुळातील बहुसंख्य लोक एका संस्कृतीचे आणि लेखक दुसऱ्या संस्कृतीचा असेल, तर वाचकाचे अज्ञान आणि लेखनातील दोष या दोहोंतील सीमा पुसली जाते, आणि मौनामुळे ती दाखवून देण्याचे साधनही लेखकापाशी राहत नाही. सतरापैकी बारा जणांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे ती सत्य वाटू लागते. ‘डिट्टो’ या शब्दाने वेळ वाचतो हे खरे. परंतु मताचे वजन मोजण्याऐवजी मतांची संख्या मोजण्याची सवयही त्यानेच लागते.

हा आक्षेप अमेरिकेतच अलीकडे जोरकसपणे मांडला गेला आहे. कथाकार जुनो दियाझ यांनी २०१४ मध्ये लेखन-अभ्यासक्रमांतील गौरेतर विद्यार्थ्यांच्या एकाकीपणाविषयी लिहिले. २०१९ मध्ये लेखिका बेथ न्युएन यांनी मौनाच्या नियमावरच बोट ठेवले आणि चर्चा चालू असता लेखकास बोलू द्यावे असा पुरस्कार केला. २०२१ मध्ये मॅथ्यू सॅलेसस आणि फेलिशिया रोझ चावेझ यांची कार्यशाळेच्या पुनर्रचनेविषयी स्वतंत्र पुस्तके प्रसिद्ध झाली. ज्यास आपण लेखनतंत्र म्हणतो तो विशिष्ट वाचकवर्गाच्या अपेक्षांचा समुच्चय असतो व त्या अपेक्षा सार्वत्रिक नसतात, हा सॅलेसस यांच्या प्रतिपादनाचा गाभा होय. काव्यशास्त्रातील ‘सहृदय’ ही संज्ञा आठवली की या वादाचे मर्म ध्यानात येते. रसिक हा कवीच्या अनुभवाशी समरस होण्यास समर्थ असावा लागतो, असे आपल्याकडे मानले आहे. कार्यशाळा मात्र वाचक कोणताही असो, तो समर्थ आहे असे गृहीत धरून चालते.

मौन सर्वस्वी न मोडता मध्यम मार्ग काढणारी एक पद्धतीही उपलब्ध आहे. नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये तयार केलेल्या चतुष्पदी क्रमात प्रथम प्रेक्षकाने कृतीत आपल्याला काय अर्थपूर्ण वाटले ते सांगावयाचे. नंतर कलावंताने प्रश्न विचारावयाचे. मग प्रेक्षकाने मत न लादणारे प्रश्न करावयाचे. आणि कलावंताची अनुमती असेल तरच अखेर मत द्यावयाचे. येथे दुरुस्तीचा आरंभ आणि दुरुस्ती यांतील भेद सुस्पष्टपणे सांभाळलेला आहे, हे वरील विवेचनावरून लक्षात येईल.

६. उपसंहार

लेखनाला लेखकापासून वेगळे करून पाहण्याची गरज आपल्याकडे कोणास भासली नाही असे मुळीच नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेसाठी डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. त्या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. शब्दाने जनकाच्या नावाचाही आधार न घेता उभे राहावे, हीच त्यामागील भूमिका. पुढे २००९ मध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अनिल मेनन, वंदना सिंग व सुचित्रा माथूर यांनी अशा कथांच्या लेखनाची कार्यशाळा घेतली. तेव्हा हा प्रकार भारतीय विद्यापीठांना अगदीच परका राहिलेला नाही.

मराठीच्या पदव्युत्तर विभागांत अशी वर्तुळे भरवावयाची झाल्यास केवळ परकीय नियमांची नक्कल करून भागणार नाही. आपल्या वर्गातही भाषा एक असली तरी बोली अनेक असतात. अहिराणी किंवा मालवणी वळणाच्या वाक्यावर प्रमाणभाषेत वाढलेल्या दहा जणांनी ‘डिट्टो’ म्हटले, तर तो लेखनाचा दोष की वाचकांची मर्यादा, हा प्रश्न येथेही तितकाच तीव्र आहे. म्हणून मौनाचा नियम ठेवावा, परंतु त्याची विभागणी नीट करावी. आपण कोठे अडखळलो, हे वाचकाने प्रामाणिकपणे सांगावे. त्या वेळी लेखकाने गप्प राहावे. कसे सुधारावे, हे सांगण्याच्या वेळी मात्र वाचकाने गप्प राहावे. अडखळण्यावर अधिकार वाचकाचा आहे, दुरुस्तीवर लेखकाचा. हा भेद पाळला गेला, तर सकाळचे मौन रात्रीच्या लेखनात फळास येते. तो पाळला गेला नाही, तर त्या मौनातून विद्यार्थी एवढेच शिकतो की, आपली भाषा आपल्यापाशीच ठेवावी.